रोज चालते, तरी सतरंजीवरून उठता येत नाही

कृष्णाकाठ (मिरज):
नमस्कार मंडळी. वय ६८. पहाटे तासभर चालण्याचा नेम आहे, पावसाळ्यातही गच्चीखालच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारते. शुगर नाही, बीपीची एक गोळी. पण एकादशीच्या भजनाला खाली बसले की उठायची पंचाईत. आधी स्वतःच्या गुडघ्यावर हात, मग शेजारणीच्या खांद्यावर. परवा ती कळवळली बिचारी. आता मंडळाने माझ्यासाठी भिंतीकडेला प्लास्टिकची खुर्ची मांडलीय. सगळ्या खाली गोल करून बसलेल्या आणि मी मागे पाहुणी आल्यासारखी! तिथून टाळ वाजवण्यात काय मजा? एक्सरे काढला, थोडी झीज आहे, वयाच्या मानाने ठीक म्हणाले. मुलगा म्हणतो, चालणं वाढव, दहा हजार पावलं कर. करू का? जिम-बिम सांगू नका, झेपणार नाही.

पीटीचे सर (सातारा):
ताई, पावलं आहेत तेवढी पुरेत. चालण्याने हृदय, शुगर, झोप सगळं सुधारतं, ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर मांडीच्या आणि नितंबाच्या मोठ्या स्नायूंना फारसं काम पडत नाही, आणि खालून उठायला नेमके तेच लागतात. वयाबरोबर स्नायू घटतो, ताकद त्याहून लवकर घटते. चालणाऱ्यांचीही घटते. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर चालण्याच्या जोडीला ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करायला सांगते.

आधी परीक्षा घ्या. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवा, घरातलं कुणीतरी जवळ असू द्या. दोन्ही हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयाच्या बाईच्या ११ पेक्षा कमी झाल्या तर पडण्याचा धोका जास्त धरतात. पुरुषांना १२. जन्मभर उकिडवं बसून भांडी घासलेल्या बायकांना मी तर आणखी कडक आकडा लावला असता, पण असो.

आता व्यायाम. त्याच खुर्चीच्या कडेवर बसा, टाचा थोड्या मागे घ्या, नाक पायाच्या अंगठ्यांवर येईल इतकं पुढे वाका आणि उठा. बहुतेक जण ताठ बसून उठायला बघतात, तिथेच अडतं. बसताना मात्र धप्पकन नको. मनात एक ते चार मोजत, सावकाश. ताकद त्या खाली येण्यातही कमावली जाते. आठ-दहा झाल्या की दम घ्या, पुन्हा तेवढ्याच. एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की उंची उतरवा: खुर्चीनंतर चौरंग, मग पाट, मग तुमची सतरंजी. घाई नाही, दोन-तीन महिने धरून चाला. गुडघ्यात कळ आली तर पुन्हा वरच्या पायरीवर जा. सूज आली किंवा रात्री ठणकायला लागला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

तोवर भजनात उठायची युक्ती: मांडी मोडून कुशीला वळा, दोन्ही हात आणि गुडघे टेका, एक पाऊल पुढे रोवा, दोन्ही हात त्या मांडीवर दाबून वर या. शेजारीण वाचेल. आणि चहा उकळेपर्यंत ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभ्या राहत जा.

ओट्यापाशी (नाशिक):
सरांचं पटलं, पण ताई, खाता काय? आमच्याकडे सासूबाईंचा दिवस म्हणजे सकाळी पोहे, दुपारी पातळ आमटी, रात्री भातपिठलं तेही दोन घास. प्रथिनं मिळणार कुठून? उतारवयात वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅम तरी पोटात जावं म्हणतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधातही जवळपास तेवढंच. आम्ही पोह्यांसोबत वाटीभर मोडाची मटकी सुरू केली आणि आमटी जरा घट्ट. कुरकुरल्या, पण खातात.

गोळ्यांची डबी (अकोला):
औषधदुकानात आयुष्य गेलं म्हणून दोन ओळी. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? येत असेल तर बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका. शाकाहारी असाल तर बी १२ तपासा. ते कमी असलं की पायांना मुंग्या येतात, तोलही जातो. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही कमी होऊ शकतं.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. अंधारी येत नाही, बी १२ या आठवड्यात बघते. सर, परीक्षा लगेच दिली. अकरा काही झाल्या नाहीत. आमचे हे शेजारी उभे राहून मोजत होते, मग स्वतः बसले आणि फटाफट पंधरा काढल्या. बाजारापर्यंतही चालत जात नाहीत हो! आता घरभर सांगत सुटलेत, चालण्यात काही अर्थ नाही म्हणून.

पीटीचे सर:
हात कुठे होते त्यांचे? खुर्चीला किंवा मांडीला टेकवून उठले असतील तर गुण शून्य. नियमच आहे तसा. हात दुमडून पुन्हा काढायला लावा, आणि या खेपेला मोजायला तुम्ही उभ्या राहा.