मदत हवी आहे : बोडोनी बोल्ड इटॅलिकच्या शेजारी कोणती देवनागरी शोभेल?

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या द्वैभाषिक स्मरणिकेची मांडणी माझ्याकडे असून, इंग्रजी शीर्षकांसाठी मी बोडोनी या फॉन्टचे बोल्ड इटॅलिक, म्हणजे ठळक व तिरपे, वळण निवडले आहे. पार्मा येथील मुद्रक जांबातिस्ता बोडोनी (१७४०–१८१३) यांच्या अक्षरांवर आधारलेल्या या वळणात जाड आणि केसासारख्या बारीक रेषांमधला विरोध इतका तीव्र आहे, की ३६ पॉइंटला (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप) शब्द डौलाने झुकलेला आणि तरीही भक्कम दिसतो. चित्रांखालील ९ पॉइंटच्या ओळींत मात्र, आमच्या खडबडीत कागदावर, त्या बारीक रेषा तुटल्या आणि नुसते जाड तिरके खांब उरले. तिथे जॉर्जिया या फॉन्टचे बोल्ड इटॅलिक वापरावे का? ते अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांनी संगणकाच्या पडद्यासाठी रेखले असले, तरी त्याच्या बारीक रेषा पुरेशा दणकट आहेत.

खरी अडचण मराठी शीर्षकांची आहे. देवनागरीत जोर देण्यासाठी अक्षर तिरपे करण्याची जुनी परंपरा नाही. सॉफ्टवेअरने ते बळेच तिरपे केले, की शिरोरेषा आडवीच राहते, काने कलंडतात आणि वेलांट्यांची गोलाई बिघडते, जे मला अजिबात रुचत नाही. 'तिरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये मुद्दाम रेखलेले इटॅलिक आहे, परंतु त्यात बोल्ड नाही. अशा वेळी मराठी शीर्षक सरळ, ठळक ठेवून केवळ जाड-बारीक रेषांचा विरोध जुळवावा काय? असा मेळ साधणारा देवनागरी फॉन्ट कुणी छापील कामात वापरला असल्यास, त्याचे नाव आणि वापरलेला आकार कृपया कळवावा.