कोनान आणि लाना तुम्हाला कुठे भेटले?

‘मिराई शोनेन कोनान’ परवा चौथ्यांदा पाहून संपवली आणि राहवेना, म्हणून हा धागा काढतेय. हायाओ मियाझाकींची ही २६ भागांची अ‍ॅनिमेशन मालिका १९७८ साली जपानच्या एनएचके वाहिनीवर आली. जुलै २००८ मध्ये महायुद्ध होतं, चुंबकीय अस्त्रांनी पृथ्वीची उलथापालथ होते, खंड बुडतात. वीस वर्षांनी एका बेटावर एक म्हातारा आणि त्याचा नातू कोनान तेवढे उरलेले असतात, आणि तिथे लाना नावाची मुलगी वाहून येते. म्हणजे गोष्ट २०२८ ची, आता दाराशी येऊन ठेपलेल्या सालाची.

माझ्या मनातून ती उडी जात नाही. कोनान लानाला उचलून त्रिकोणी मनोऱ्यावरून खाली झेपावतो, दोन्ही पायांवर उतरतो आणि तसाच थिजून उभा राहतो. झिणझिण्या तळव्यांपासून पार डोक्यापर्यंत चढताना दिसतात. मग कुठे तो एक पाऊल उचलतो. एवढ्या उंचावरून कोणी वाचत नाही हे कळत असूनही दर वेळी माझेच पाय दुखतात.

तुम्ही कुठे पाहिलीत? सविस्तर लिहा.

*

आमचा हा कोनान नव्हताच, आमचा अदनान! मी कुवेतमध्ये वाढले. तिथे अरबीतून ‘अदनान व लीना’ लागायचं, लानाची लीना झाली होती आणि कोनानचा मित्र जिम्सी याचा अब्सी. आईला अरबीचा गंध नव्हता. ती पोळ्या लाटायची आणि मी टीव्हीसमोरून ओरडून मराठीत सांगायचे, “आई, लीनाला पळवून नेलं गं!” एकदा तिनं विचारलं, “त्याचे आजोबा दिसत नाहीत ते?” आजोबा गेलेले असतात, आणि त्यांना पुरून पोरगा एकटाच तराफ्यावर निघतो. मला ते बोलवेना. म्हटलं, “घरी आहेत.”

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या. आम्ही बसने वाळवंटातून अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला आलो. बसमध्ये धाकट्यानं विचारलं, “आपण अदनानसारखे चाललोय का?” आई म्हणाली, “हो रे राजा.” तिच्या मांडीवर एक पिशवी होती, त्यात पाव आणि आमची प्रगतिपुस्तकं.

*

मी पुण्यात जपानी शिकत असताना पाहिली, कान तयार व्हावा म्हणून. दुसऱ्या भागातच अडकलो. इंडस्ट्रिया या शहराची अधिकारी मॉन्सली लानाला न्यायला येते. कोनानचे आजोबा तिला युद्धाबद्दल सुनावतात, तर ती उलटून विचारते, युद्ध केलं कोणी? तुम्ही मोठ्यांनीच ना? आम्ही तर तेव्हा लहान होतो. बंदूकवाल्या बाईच्या तोंडी इतकं खरं बोलणं! तो संवाद वहीत उतरवून घेतला, अजून आहे. पुढे लानाच्या बेटावर, हाय हार्बरच्या गवतावर पडल्या पडल्या तिला लहानपणीचा कुत्रा आठवतो, आणि तिथून ती हळूहळू बदलत जाते. शेवटी त्याच बाईचं कप्तान डाइसशी जहाजावर लग्न लागतं तेव्हा घरच्या कार्यासारखा आनंद झाला होता मला.

*

आम्ही योकोहामाला असतो. २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत एनएचकेने मालिका पुन्हा दाखवली. रात्री उशिरा असायची, म्हणून रेकॉर्ड करून लेकासोबत दुसऱ्या दिवशी बघायचो. शाळा बंद, घर छोटं. कोनान उडत्या विमानाला पायाच्या बोटांनी धरून लटकतो, ते पाहिल्यापासून हा दिवसभर पायाच्या बोटांनी चमचे उचलायचा. इंडस्ट्रियात प्लास्टिकपासून पाव करतात हे मात्र त्याला अजिबात खपलं नाही. हाय हार्बरचं शेत दिसलं तेव्हा म्हणाला, “हां, आता नीट जेवतील.”

*

कुवेतच्या ताई, आईंना आजोबांचं नंतर कधी सांगितलंत का?

*

सांगितलं, मुंबईला आल्यावर. म्हणाली, “मला तेव्हाच कळलं होतं. तुझा आवाज बदलला होता.”