पाकीट परत मिळालं. मग तुम्ही काय केलंत?

पाकीट हरवल्याचा किस्सा नाही असा माणूस विरळाच. कुठे पडलं, कधी लक्षात आलं, एटीएम कार्ड बंद करताना किती वेळ फोनवर संगीत ऐकलं, हे सगळं आपण एकमेकांना सांगून झालंय. या धाग्यात मला त्याच्या पुढचं हवंय. अनोळखी माणूस पाकीट आणून हातात देतो, तेव्हा ते त्याच्यासमोर उघडून बघायचं की तसंच खिशात घालायचं, इथूनच पंचाईत सुरू होते. मग आपण पाचशेची नोट पुढे करतो, तो हात मागे घेतो, आपण "मुलांना खाऊ घ्या" म्हणतो, तो "अहो राहू द्या" म्हणतो, आणि तेवढ्यात त्याची बस येते. आभार मानायचे राहूनच जातात.

तर सांगा, तुम्ही आभार कसे मानलेत? आणि ज्यांना पाकीट सापडलं त्यांनी त्यांच्या बाजूने जरूर लिहा, ती बाजू फार कमी ऐकू येते. कुणाचं नाव, फोन नंबर, गाडीचा नंबर देऊ नका. "माणुसकी उरली नाही" आणि "माणुसकी अजून शिल्लक आहे" ही दोन्ही वाक्यं गृहीत धरू, लिहायची गरज नाही.

*

डोंबिवलीहून

लेडीज डब्यात पर्स राहिली. मी उतरले दादरला, पर्स गेली पुढे. आत पास, पॅन कार्ड, थोडे पैसे आणि माझा फोन नंबर असलेलं एकही चिटोरं नाही, कारण तसलं सगळं आता फोनमध्ये असतं आणि फोन माझ्या हातात होता. मी पर्सच्या नावाने अंघोळ करून मोकळी झाले होते. संध्याकाळी फोन आला तो आमच्या टेलरचा. "ताई, तुमची पर्स एका बाईंकडे आहे, ब्लाउजच्या पावतीवरून मला फोन केला त्यांनी." पावतीवर माझं नाव नव्हतंच, नुसता पावतीचा नंबर आणि "मागे डोरी, लटकन" असं लिहिलेलं. टेलरने लटकनवरून गिऱ्हाईक ओळखलं!

त्या बाई गाडीत पिना, कानातली, टिकल्या विकणाऱ्या. त्यांना वाचता येत नाही, पावती एका कॉलेजच्या मुलीकडून वाचून घेतलेली. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या गाडीला भेटल्या. मी पैसे पुढे केले तर सरळ नाही म्हणाल्या. "द्यायचंच तर माल घ्या." मग मी क्लिपा घेतल्या, बहिणीसाठी कानातली घेतली, शेजारणीला टिकल्यांची पाकिटं घेतली. म्हटलं, चला, अशा वाटेने तरी चार पैसे जातील. हिशोब करताना त्यांनी मला दहा रुपये कमी लावले. का, तर आता ओळखीतल्या झालात.

*

नाशिकहून

आमचं रिक्षात राहिलं. भाडं फोनवरून दिलेलं आणि क्यूआर रिक्षावाल्याच्या स्वतःच्या नंबरचा होता, म्हणून सुटलो. ॲपमधून त्याला एक रुपया पाठवला आणि शेऱ्यात लिहिलं, "दादा, मागच्या सीटवर पाकीट आहे का बघा." अर्ध्या तासात दारात. जास्तीचे पैसे घेईना. "मीटरने इथवर जेवढं झालं तेवढं द्या." तेवढे दिले. मग म्हणाला, "तो एक रुपया वजा करा त्यातून."

*

कोल्हापूरहून

मी सापडणाऱ्यांतली. रंकाळ्यावर संध्याकाळी बाकाखाली लेडीज पाकीट पडलेलं, आत लायसन्स, त्यावर पत्ता. आई आणि मी रिक्षा करून घर शोधत गेलो. बाईंनी दारातच पाकीट उघडलं आणि म्हणाल्या, "यात अजून दोन हजार होते." बसा नाही, पाणी नाही. आईने शांतपणे सांगितलं, "आम्ही घेतले असते तर पाकीट घेऊन तुमच्या दारात कशाला आलो असतो?" बाई काहीच बोलल्या नाहीत. रिक्षाचे पैसे आमचेच गेले. आता रस्त्यात काही पडलेलं दिसलं की आधी तो चेहरा आठवतो. उचलते, पण आठवतो.

*

निवृत्त एसटी वाहक, नांदगाव तालुका

कोल्हापूरच्या ताई, तुमच्या बाबतीत झालं ते आमच्या नोकरीत नेहमीचं. म्हणून जुन्या वाहकांनी आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की सापडलेली वस्तू एकट्याने उघडायची नाही. ड्रायव्हरला बोलवायचं, दोघांनी मिळून बघायचं, कागदावर लिहायचं, आणि आगारात कंट्रोलरकडे जमा करून नोंद करायची. मालक आला की सही घेऊन द्यायचं, आणि "मोजून घ्या" हे आपणच आधी म्हणायचं. त्याने मोजलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही. मोजल्याने त्याचा जीव भांड्यात पडतो आणि आपण मोकळे होतो.

पण मुक्कामी गाडीला आगार कुठून आणणार? रात्री गाडी गावात थांबणार, पहाटे निघणार. नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. शेवटच्या थांब्याला गाडी रिकामी झाली, झोपायला बाक मोकळे करताना सीटखाली धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. ड्रायव्हरने बॅटरी धरली. आत नोटा. तेव्हा कांद्याचे पैसे रोख मिळायचे आणि माणसं ते असेच बांधून आणायची. नोटांना गुंडाळलेली लासलगावची पट्टी होती. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो, माल विकला की आडत्या जो हिशोबाचा कागद देतो तो पट्टी. वजन, भाव, हमाली, तोलाई, आणि वर शेतकऱ्याचं नाव आणि गाव. गाव मागच्या थांब्याचं निघालं, पायी तासाभराचं.

ड्रायव्हर म्हणाला सकाळी जाताना देऊ. मी म्हटलं, सकाळपर्यंत त्या घरात काय होईल सांगता येत नाही. वर्षाचं पीक आहे ते. गावातला एक पोरगा सायकल घेऊन पाठवला, बरोबर पैसे दिले नाहीत, फक्त निरोप दिला. मध्यरात्रीनंतर बापलेक आले. बापाच्या तोंडून शब्द फुटेना. गावातल्या दोन माणसांना उठवून त्यांच्यासमोर मोजायला लावलं, म्हाताऱ्याचे हात थरथरत होते म्हणून लेकाने मोजलं. बरोबर भरले. म्हाताऱ्याने त्यातल्याच दोन नोटा माझ्यापुढे धरल्या. मी म्हटलं, बाबा, घेतल्या तर नोकरी जाईल. खरं तर जाणार वगैरे नव्हती, पण असं सांगितलं की माणसाला नकाराचं वाईट वाटत नाही. ही युक्ती बऱ्याच वाहकांना ठाऊक आहे.

त्यानंतर त्या मार्गावर माझा मुक्काम असला की मागच्या थांब्यावर लेक उभा असायचा. भाकरी, ठेचा, कधी पिठलं, फडक्यात बांधलेलं. ते घेतलं. ते नाही म्हणण्यासारखं नव्हतं.

*

तोक्योहून

इथे गोष्ट अगदी उलट, माणूस भेटतच नाही. स्टेशनजवळ पाकीट पडलं, मी कोबानमध्ये, म्हणजे नाक्यावरच्या छोट्या पोलीस चौकीत, जाऊन अर्ज भरला. पाकिटाचा रंग, आतल्या कप्प्यांची संख्या, कोणत्या नोटा, गणपतीचा छोटा फोटो आहे हेही लिहिलं. (तो कसा दिसतो हे पोलिसाला समजावताना माझी भाषा संपली, शेवटी चित्र काढलं.) काही दिवसांनी पाकीट मिळालं, सुट्ट्या नाण्यांसकट.

इथे कायदाच आहे. सापडवणाऱ्याला वस्तूच्या किमतीच्या 5 ते 20 टक्के मागण्याचा हक्क, आणि स्टेशन किंवा दुकानाच्या आवारात सापडलं तर त्यातला निम्मा वाटा त्या जागेच्या मालकाचा. तीन महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू सापडवणाऱ्याची होते. 2007 च्या आधी ही मुदत सहा महिने होती. ओळखपत्रं, कार्डं, मोबाइल मात्र कधीच त्याच्या मालकीचे होत नाहीत. मी टक्केवारीचा हिशोब करून, पैसे लिफाफ्यात घालूनच गेलो होतो. पोलीस म्हणाला, त्या व्यक्तीने सगळे हक्क सोडलेत आणि नावही कळवू नका असं लिहून दिलंय. मी विचारलं, निदान पत्र तरी पोचवाल का? नाही. तो लिफाफा अजून टेबलाच्या खणात आहे. बायको म्हणते, दान कर. पण ते त्या माणसाचे आहेत असं मला वाटत राहतं.

*

ठाण्याहून, पेशाने वकील

तोक्योकरांचं वाचून आपल्याकडचं सांगतो. भारतीय करार कायदा 1872, कलम 71: सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की तिची काळजी घेण्याची जबाबदारी तुमची. कलम 168: शोधाशोधीचा खर्च आणि त्रास यांच्या भरपाईसाठी तुम्ही मालकावर दावा लावू शकत नाही, पण भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू शकता. आणि मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी दावासुद्धा चालतो! तेव्हा भावनेच्या भरात "आणून देणाऱ्यास दहा हजार" असं सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी विचार करा. मालक शोधण्याची वाजवी खटपट न करताच खिशात घातलं तर तो गुन्हा, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 403, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 314. जुन्या संहितेतल्या उदाहरणात हमरस्त्यावर सापडलेला, मालक माहीत नसलेला एक रुपया उचलणाऱ्याला मात्र अभय आहे. ती संहिता 1860 ची, आणि तेव्हाचा रुपया म्हणजे काही कमी नव्हता.

*

मुलुंडहून

सगळे "पैसे घेतले नाहीत, घेतले नाहीत" लिहिताहेत. माझा अनुभव वेगळा आहे आणि मला तो कमी मोलाचा वाटत नाही. माझं पाकीट भिवंडीच्या एका लूम कामगाराला सापडलं. आतल्या व्हिजिटिंग कार्डावरून फोन करून, रिक्षा आणि गाडी बदलत तो माझ्या ऑफिसपर्यंत आला. मी हजार रुपये दिले, त्याने घेतले. घेताना खाली बघत म्हणाला, "साहेब, आज खाडा झाला म्हणून घेतो." मला लाज वाटली ती याची, की तो बोलेपर्यंत त्याच्या बुडालेल्या रोजाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. महिना पगार घेणाऱ्याला "अहो राहू द्या" म्हणणं परवडतं. हजाराचे दीड केले. तेही त्याने घेतले, आणि बरं झालं.

*

पंढरपूरच्या वाटेवरून

आईची चंची वाखरीला गर्दीत पडली. हरवले-सापडलेच्या माइकवर नाव पुकारलं म्हणून कळलं. आणून देणारा पोरगा नातवाच्या वयाचा. आई त्याचे आभार मानायला पुढे झाली, तर "माउली" म्हणून तोच आधी तिच्या पाया पडला. मग आईही त्याच्या पाया पडली. वारीत तेवढ्यात सगळं फिटतं.

*

मूळ धागाकर्ती

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मुलुंडकर, तुमचं म्हणणं पटलं. मी सुरुवातीला नकाराचं जरा कौतुकच करत लिहिलं होतं.

मध्ये कुणीतरी खासगी निरोपात विचारलं, पाकिटात पैसे कमी असतील तरच लोक परत देत असतील ना? 2019 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक मोठा प्रयोग छापून आला होता. 40 देश, 355 शहरं, 17 हजारांहून अधिक पाकिटं. बँका, हॉटेलं, नाट्यगृहं, टपाल कार्यालयं अशा ठिकाणच्या काउंटरवर नेऊन द्यायची आणि "बाहेर सापडलं" म्हणून निघून जायचं. बिनपैशांच्या पाकिटांपैकी सुमारे 40 टक्क्यांच्या मालकाला निरोप गेला, पैसेवाल्यांपैकी 51 टक्क्यांच्या. म्हणजे पैसे असले की परत मिळण्याची शक्यता वाढली. अर्थतज्ज्ञांनाही अंदाज विचारला होता, तोही चुकला. आता माझी शंका. मालकाला ईमेल आला तरच निरोप मिळाला असं धरलं होतं. डोंबिवलीकरांच्या पिना विकणाऱ्या ताई त्या हिशोबात कुठे बसल्या असत्या?

*

सांगलीहून

विषयातलंच आहे म्हणून इथेच विचारते. आज सकाळी भाजी मंडईत एक पाकीट सापडलंय. फोन नंबर नाही, पत्ता नाही, भिशीची चिठ्ठी आहे आणि एका बँकेचं कार्ड. पोलीस चौकीत देऊ का?

*

निवृत्त एसटी वाहक

चौकीत देता येईल, पण पोहोच घ्या. त्याआधी कार्डाच्या मागे बँकेचा नंबर असतो तिथे फोन करा. ते तुम्हाला गिऱ्हाइकाचा नंबर देणार नाहीत, पण तुमचा नंबर गिऱ्हाइकाला कळवा अशी विनंती करता येते. फोनवर पाकिटात किती पैसे आहेत ते सांगू नका. येईल त्याला आधी विचारा. आणि घरात एकट्या असाल तर शेजारच्यांना बोलवून ठेवा.

*

सांगलीहून

केला फोन. बँकवाल्यांनी निरोप दिला, बाईंचा फोन आला. भिशीत किती जणी आहेत विचारलं, चिठ्ठीशी जुळलं. भिशीची चिठ्ठी त्यांचीच, आणि या महिन्याचा नंबरही त्यांचाच लागलाय म्हणे! पाचला येताहेत. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, चहा टाकायला आणि मोजताना समोर बसायला.