ऑइल पंप क्रँकवरच राहू द्या, उगाच मोटरी बसवू नका

घाटवाला: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे, "स्टिअरिंग विजेवर गेलं, वॉटर पंप गेला, इंजिनात तेल फिरवणारा ऑइल पंप अजून क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याला, जुंपलेला हा निव्वळ कंपन्यांचा आळस." आळस? 2009 च्या प्रियसमध्ये टोयोटानं वॉटर पंपसुद्धा विजेवर नेला, पुढचा बेल्टच काढून टाकला. ऑइल पंपाला मात्र हात लावला नाही. हिशेब करा ना राव. 4 बारला मिनिटाला 30 लिटर तेल फिरवायचं तर 200 वॅट नुसते तेलाचे. पंप आणि मोटर आपापला वाटा खाणार, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. 12 व्होल्टवर 30 अँपिअर, गाडी चालू आहे तोवर. आणि ती वीज देणार कोण? क्रँकवरचाच आल्टरनेटर, तोही आपली दलाली कापून.

मोटरबाबा: अर्धाच हिशेब मांडलात. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन हळू चालू असताना, प्रेशर पुरावं म्हणून क्रँकवरचा पंप मोठा घ्यायचा आणि 5000 आरपीएमला जास्तीचं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत सोडायचं, ही उधळपट्टी कुणाच्या खात्यात? शिवाय स्टार्टर मारायच्या आधी प्रेशर तयार. हायब्रिडचं इंजिन दर सिग्नलला झोपतं-उठतं, तिथे याची किंमत कळते.

घाटवाला: उधळपट्टी टाळायला गरजेपुरतंच तेल देणारे व्हेरिएबल पंप कधीचे आलेत. वाचत चला.

चेंबरफुट्या: तुम्ही वॅट मोजत बसा, मी इंजिनं खोलतो. मागे एक गिऱ्हाईक आलं. दगड लागून इंजिनखालचा तेलाचा चेंबर फुटला, लाल दिवा लागला, तरी "टोलनाक्यापर्यंत नेऊ" म्हणून चालवत राहिलं. बिग एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे, बेअरिंग जागेवर फिरलेले, त्यातलं क्रँकचं जर्नल तापून निळं पडलेलं. मोटरच्या पंपाची वायर उंदरानं कुरतडली की हेच. पावसाळ्यात निम्म्या गाड्या उंदरांच्याच येतात.

मोटरबाबा: काका, वायर तुटली तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन सुरूच होऊ देणार नाही. तेलात बुडलेल्या बेल्टवर पंप चालवतात, त्या बेल्टचा भुगा जाळीत अडकतो, तेव्हा कोण अडवतं?

चेंबरफुट्या: ईसीयूची वायर उंदराला गोड लागत नाही का?

वाडेकरी: बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवा. शंभर टक्के.

पार्किंग_बी2: काही होत नाही. डांबरगोळ्या ठेवून बघितल्या, एसीतून आठवडाभर वास. खरा इलाज, सोसायटीत कुत्र्यांना भात टाकणाऱ्यांना आवरा. उरलेल्यावर उंदीर पोसले जातात.

प्राणीप्रेमी: आला लगेच कुत्र्यांवर! कचऱ्याचे डबे उघडे तुमच्या विंगचे. माझ्या दोन्ही गाड्या उघड्यावर असतात, एक वायर तुटलेली नाही.

पार्किंग_बी2: तुमच्या गाड्यांत कुरतडण्यासारखं काही उरलंय का?

घाटवाला: अहो, विषय ऑइल पंप आहे! मोटरबाबा, एवढं देतो: हायब्रिडमध्ये सुरू होण्याआधी तेल वर चढवायला मुख्य पंपाच्या जोडीला छोटा इलेक्ट्रिक पंप असेल, तर माझी हरकत नाही. मुख्य पंप क्रँकवरच.

मोटरबाबा: उपकार झाले. 48 व्होल्टच्या गाड्यांत 30 अँपिअरचे साडेसात होतात, तेव्हा पुन्हा बोलू.

घाटवाला: अँपिअर उतरले, वॅट तेवढेच राहिले. आणि गाडी उंदरांच्याच पार्किंगमध्ये.

वाडेकरी: कुणी तंबाखू खरंच ठेवली का?

पार्किंग_बी2: ठेवली होती. उंदीर आहेत तिथेच, वॉचमन मात्र बॉनेट उघडायला शिकला.