मदत हवी आहे : वाड्याच्या जुन्या पागेतला लोणा

दगडी जोत्यावर पातळ विटांची, चुन्यात बांधलेली पागा आहे. गव्हाणी आणि घोडे बांधायच्या कड्या शाबूत आहेत. पण गटाराकडच्या भिंतीला जोत्यापासून तीन फुटांपर्यंत लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) लागलाय, विटांचे पापुद्रे सुटतायत. घोड्यांच्या मुतापासून तयार झालेले नायट्रेट क्षार भिंतीत मुरलेत. ते हवेतली ओल ओढतात, म्हणून पावसाळ्यात भिंत पाझरल्यासारखी दिसते. वर सिमेंटचा गिलावा होता. त्याने ओल आत कोंडली आणि वीट आतून पोखरली.

गिलावा काढून सांधे २५ मिमी खोल खरवडलेत. लोणा कोरड्या ब्रशने झाडून लगेच बाहेर टाकतोय; पाण्याने धुतलं तर क्षार परत आत जातात. आता आतले क्षार ओढून घ्यायला कागदाचा लगदा, माती आणि डिस्टिल्ड वॉटरचा २० मिमी लेप लावून, वाळला की काढायचा विचार आहे.

नायट्रेट जास्त असताना किती वेळा लेप लावावा लागतो? की थेट १:३ चुना-वाळूचा गिलावा करून, क्षारांनी तो खाल्ला की बदलत राहणं बरं? मूळ फरशीचा उतार गटाराकडे होता, त्यावर आता काँक्रीट आहे. ते फोडल्याशिवाय ओल भिंतीत चढायची थांबेल असं मला वाटत नाही. फोडताना गव्हाणींच्या पायाला धक्का लागू नये म्हणून कुठून सुरुवात करावी?