मदत हवी आहे: आजीच्या ट्रंकेतलं काय कापावं, काय तसंच ठेवावं?

नमस्कार मंडळी,

सांगलीचं मामाचं घर पाडायला घेतलंय. आजीची (आईच्या आईची) पत्र्याची ट्रंक कुणी न्यायची यावर फोनाफोनी होऊन ती शेवटी आमच्याकडे ठाण्याला आली. घर वन बीएचके. ट्रंक दिवाणाखाली पूर्ण जात नाही, येता-जाता नडगीला लागते. दिवाळीत सगळी भावंडं जमणार आहेत. तोवर प्रत्येकाला घरी नेता येईल असं काहीतरी हातानं करून ठेवायचा विचार आहे. मशीनवर सरळ शिवण घालता येते, कातरकाम बरं आहे, चित्रकला शून्य.

आत काय आहे ते सांगते. वर सुती नऊवारी लुगडी, धुऊन धुऊन मऊ झालेली, मधेमधे विरलेली. दोन इरकली, ती मात्र धडधाकट. आजीचा लग्नातला जरीचा शालू, घडीघडीवर चिरलेला, जर काळी पडलेली. खणाच्या चोळ्या (बाह्या इतक्या बारीक की आता आमच्यात कुणाचा हात आत जाणार नाही). आजोबांची धोतरं. त्याखाली कागद: पोस्टकार्डं, निळी आंतरदेशीय पत्रं, मामाला नोकरी लागल्याची तार, आणि एक मोडीतला कागद, जो घरात कुणालाच वाचता येत नाही. शिवाय पदार्थांची वही. तिच्यात सगळी मापं चिपटं-मापट्यात आणि जागोजागी तेलाचे डाग. अनारशाच्या पानावर तर इतके, की अक्षरं पलीकडून दिसतात.

फोटो हे वेगळंच दुखणं आहे. एक अल्बम चिकट पानांचा, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेला. पानं पिवळी पडलीत आणि फोटो निघता निघत नाहीत. त्यातले रंगीत फोटो सगळे लालसर झालेत. आणि 2019 च्या पुरात ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली, पण खालच्या कपाटातले काही फोटो भिजले. ते तसेच वाळले आणि एकमेकांना चिकटून त्यांचा एक गठ्ठा झाला.

आता मतभेद. मावशी म्हणते, "सगळ्याची एक वाकळ शिवून टाक, आईची ऊब राहील." मामी म्हणते, "शालूला कात्री लावलीस तर माझ्याशी गाठ आहे." जर्मनीतल्या मामेभावाला बॅगेत मावेल असं काहीतरी हवंय. माझं मत मावशीच्या बाजूनं झुकतं, कारण ट्रंकेत ठेवलेली वस्तू कुणी बघतही नाही, डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहते. पण एकदा कापलं की कापलं, म्हणून हात धजत नाही. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा: कात्री कशाला लावावी, कशाला नाही? फोटो कसे सोडवायचे? कागद लॅमिनेट करून टाकू का?

कृष्णाकाठ:
आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. लॅमिनेट अजिबात करू नका. उष्णतेनं प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, पुढे काढायचं म्हटलं तर कागदच जातो. सेलोटेपही नको.

पुरातल्या गठ्ठ्याबद्दल: आमच्याकडेही हेच झालं होतं. त्यांच्या निगेटिव्ह कुठे सापडल्या तर हा उपद्व्याप करूच नका, सरळ नवे प्रिंट काढा. नसतील तर आधी गठ्ठ्याचा वरचा-खालचा जो भाग दिसतोय त्याचे फोटो काढून ठेवा. मग पसरट टबात स्वच्छ गार पाणी घेऊन गठ्ठा त्यात सोडा आणि थांबा. फोटोवरचा जिलेटिनचा थर भिजला की कडा आपोआप सुटायला लागतात. त्या वेळी एकावरून दुसरा हलकेच सरकवायचा, ओढायचा नाही. चित्राच्या बाजूला बोटसुद्धा लावू नका, तो थर लगेच निघून येतो. सुटलेले फोटो चित्र वर करून पांढऱ्या सुती कापडावर सावलीत वाळवा. सगळे सुटतील याची खात्री नाही, म्हणून सर्वांत कमी महत्त्वाच्या तुकड्यापासून सुरुवात करा. हे फक्त स्टुडिओत धुतलेल्या जुन्या फोटोंसाठी. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो पाण्यात घातले तर शाई वाहून जाईल.

चिकट अल्बमला पाणी नको. दात साफ करायचा दोरा (फ्लॉस) फोटोमागे घालून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे न्या. नाहीच निघाला तर नाद सोडा, पापुद्रा उचलून आहे तिथेच त्याचा फोटो घ्या. लालसरपणा म्हणजे कागदातला निळसर रंग उडालाय. मूळ फोटोत तो परत येत नाही, स्कॅनमध्ये बराच सुधारता येतो.

निशिगंध:
ताई, मामींचं ऐका. शालू कापू नका. चिरलेलं रेशीम शिवणीत टिकतच नाही, सुईच्या भोकापासून पुढे फाटत जातं. घडी घालणंही बंद करा. पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल गुंडाळून त्यावर शालू सैल गुंडाळा, वरून पुन्हा मलमल. प्लॅस्टिकची पिशवी नको, दमट राहतं आणि जर आणखी काळी पडते. जर घासून चकचकीत करायलाही जाऊ नका. डांबरगोळ्यांऐवजी वेखंडाची पुरचुंडी ठेवा, तीही कापडाला न टेकता.

इरकली धडधाकट आहेत ना? मग नेसा! त्यांचं काही "बनवायची" गरज काय?

वाकळ विरलेल्या लुगड्यांची आणि धोतरांची करा. नऊ वार म्हणजे 27 फूट, एकेरी वाकळेला दोन-तीन लुगडी पुरतात. विरलेला भाग आतल्या थरात, चांगला आणि काठ वर. आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं रंग जातो का बघा, नाहीतर पहिल्याच धुण्यात धोतर गुलाबी व्हायचं. मशीन नको. जुन्या सुताला हातानं घातलेला धावदोराच बरा. दिवाळीत सगळे बसणार आहात, तर तेव्हाच अंथरून एकेका बाजूनं एकेकाला बसवा. मावशी आपोआप मुकादम होतील.

चोळ्यांच्या बाबतीत मात्र मी निर्दय आहे. एक अख्खी ठेवा, बाकीच्यांच्या पाठीच्या खणातून बटवे शिवा. जर्मनीचा प्रश्न मिटला.

जुना_बायंडर:
कागदांबद्दल लिहितो. पत्रं उलगडून सपाट ठेवा, घडीवरच ती फाटतात. दोन पत्रांमध्ये एक हातकागद. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची, तिथे चिंध्यांपासून केलेला कागद मिळतो. फोटो चिकटवू नका. त्याच कागदाचे त्रिकोणी कोपरे दुमडून करा, पूर्वीच्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये असायचे तसे. पुठ्ठ्याला मैद्याची खळ चालते, पण कसर लागू नये म्हणून आम्ही तिच्यात मोरचूद घालायचो ते तुम्ही घालू नका. विषारी असतं, आणि कागदालाही चांगलं नाही. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेन पुढून उमटतं.

भावंडांना मूळ पत्रं वाटू नका, संच फुटतो. पत्रं 300 डीपीआयनं, लहान फोटो 600 नं स्कॅन करा आणि हातकागदाच्या लांब पट्टीच्या पंख्यासारख्या घड्या घालून प्रत्येकाला एक घडीचं पुस्तक द्या. तार त्यात नक्की घ्या. 2013 च्या जुलैत तारसेवाच बंद झाली, नातवंडांना ती काय होती ते सांगावं लागेल. मोडी कागदाला मात्र काहीही करू नका. जमिनीचं खरेदीखत निघालं तर? आधी भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा मोडी जाणणाऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

धागाकर्ती:
सर्वांचे खूप आभार. मामीला निरोप दिलाय, शालू वाचला. मावशी वाकळेवर खूश, पण धोतरं घालायची नाहीत म्हणते (कारण विचारू नका). वहीची पानं स्कॅन करून सोबत आजची मापं लिहावीत म्हणते आहे. चिपटं म्हणजे नेमकं किती? आणि एक राहिलंच. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट आहे. शेजारच्या काकांकडे टेपरेकॉर्डर आहे, लावून बघू का?

कृष्णाकाठ:
दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण शेर गावागणिक वेगळा असायचा, त्यामुळे वजनात नक्की आकडा लिहू नका. आजीचं मापटं घरात कुठे असेल तर त्यानंच तांदूळ मोजून वजन करा.

कॅसेट लावण्याआधी तिच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या मोडा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी ते दबणार नाही. काकांना आधी दुसरी एखादी नको असलेली कॅसेट लावायला सांगा. खूप दिवस बंद असलेला टेप फीत गुंडाळून घेतो.