वन बीएचके, हातात अडीच लाख. कशावर घालू, काय सोडून देऊ?

गवतीचहा
बदलापूरला वन बीएचकेचा ताबा मिळालाय, कार्पेट ४१० चौ. फूट. आम्ही दोघं, मुलगी, आणि वर्षातले तीन-चार महिने सासूबाई. हप्ता सुरू झालाय, त्यामुळे अडीच लाखांच्या वर एक रुपया नाही. इंटिरिअरवाल्याचं कोटेशन आलंय ६ लाख १० हजारांचं: फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, मॉड्युलर किचन, दोन वॉर्डरोब, हायड्रॉलिक बेड (वरची फळी उचलून आत सामान ठेवायचा). थ्रीडी चित्रं बघून नवरा पार विरघळलाय. बिल्डरने ग्रॅनाइटचा ओटा दिलाय, खाली कडाप्प्याचे कप्पे. इंटिरिअरवाला म्हणतो, ओटा तोडून नवीन करू. काय करावं?

करवत
ओटा तोडू देऊ नका! कडाप्पा भिजून फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. याउलट पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) सिंकखालचं कपाट एकदा पाइप गळला की फुगलंच म्हणून समजा. आहेत त्याच कप्प्यांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवा आणि पुढे अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची दारं. माप कप्प्याच्या आतून घ्या, वर आणि खाली दोन्हीकडे; कडाप्पा क्वचितच काटकोनात बसवलेला असतो.

ट्रॉली ३०४ ग्रेडच्या स्टीलची मागा. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही" म्हणेल. त्यावर जाऊ नका, स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यायची.

आता कोटेशन. वॉर्डरोबचा दर दर्शनी भागाच्या चौरस फुटावर लावतात. ६ फूट रुंद, ७ फूट उंच म्हणजे ४२ चौ. फूट, १४०० चा दर असेल तर ५८,८०० झाले, आणि वरचा लॉफ्ट बहुतेक वेळा वेगळा. प्लायपुढे नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं चालवून घेऊ नका. प्लायवर भारतीय मानकाचा (आयएस) आकडा असतो. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला सगळ्यात टिकणारा. आयएस ३०३ मध्ये एमआर (नुसता दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणीही सोसणारा) दोन्ही येतात, म्हणून नुसता ३०३ आकडाही पुरेसा नाही, ग्रेड हवी. बेडरूमला भिंत कोरडी असेल तर एमआर चालतो, स्वयंपाकघरात बीडब्ल्यूआर घ्या. सगळीकडे मरीन लावणं म्हणजे पैसे जास्त झालेत.

चकली
करवत यांचं किचनचं पटलं, पण मी तर म्हणते वॉर्डरोब आत्ता करूच नका. नवीन बिल्डिंगची कुठली भिंत ओल धरते ते पहिला पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही. बाहेरच्या भिंतीला वॉर्डरोब ठोकला आणि मागे बुरशी आली, तर कपडे, प्लाय, रंग सगळंच गेलं. तोवर लोखंडी कपाट झिंदाबाद. पुढे घर बदललंत तरी ते बरोबर येतं. रंगालाही हेच लागू, बिल्डरचा रंग वर्षभर राहू दे.

सासूबाईंसाठी हॉलमध्ये खाली खण असलेला दिवाण घ्या, हायड्रॉलिक नको. गादी-गोधड्या त्यात जातात, वर सोलापुरी चादर टाकली की झालं.

पाचवामजला
कोणी विजेच्या पॉइंटबद्दल बोलतच नाहीये. ताई, बिल्डिंग मायवानची आहे का, म्हणजे विटा न लावता अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या भिंतींची?

गवतीचहा
हो, मायवान! सोसायटीने भिंतीला छिन्नी लावायची नाही असं लेखी दिलंय. बेडजवळ एकही पॉइंट नाही. :(

पाचवामजला
मग छिन्नीचा विषयच संपला. सगळी भिंत आरसीसीची, पाइप त्यातच ओतलेले असतात. दोन वाटा आहेत. बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनला गाठून असलेल्या पाइपमधून जादा वायर ओढता येते का बघा. त्याला कुठला पाइप कुठे निघतो ते माहीत असतं. नाहीतर केसिंगपट्टी (भिंतीवरून वायर झाकून नेणारी प्लास्टिकची पट्टी), स्कर्टिंगच्या लगत नेली तर डोळ्यावर येत नाही. बेड आणि कपाट कुठे येणार ते जमिनीवर खडूने आखा, मगच पॉइंट ठरवा. गीझर आणि एसीला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्डवर चालवू नका.

फॉल्स सीलिंग कशाला? स्लॅब ९ फुटांचा असेल तर चार-सहा इंच त्यातच जातात. त्याऐवजी दिवे बदला. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबने घराचा दवाखाना होतो. आकडा कमी तितका उजेड पिवळसर; हॉल, बेडरूमला ३००० किंवा ४०००, पण एका खोलीत एकच. स्वयंपाकघरात वरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी, कारण चिरताना आपलीच सावली ओट्यावर पडते.

गवतीचहा
सगळ्यांचे आभार! रविवारी उल्हासनगरला जाऊन आलो. ट्रॉल्या आणि दारं मिळून ६५ हजार सांगितलेत, दिवाण १८. लोखंडी कपाट माहेरचं येतंय. नवरा टीव्ही युनिटवर अजून अडून बसलाय.

चकली
टीव्ही भिंतीवर टांगा, खाली पाच फुटी बाकडं ठेवा. पाहुणे आले की बसायलाही होतं. नवऱ्याला म्हणावं, युनिट दिवाळीनंतर.

करवत
आणि टांगायच्या आधी हॅमर ड्रिलवाला बोलवा. मायवानच्या भिंतीत घरच्या साध्या ड्रिलचा निभाव लागत नाही. कुठे पाइप आहे ते त्याच इलेक्ट्रिशियनला विचारून भोक पाडा. ट्रॉल्यांचं बिल आलं की इथे टाका, ग्रेड बघतो.